बोटीवर ५जी फोनची बॅटरी एवढी लवकर का संपते?

बंदीचे दिवस आहेत, जाळी शिवायचं काम चालू आहे, इंजिनं खोलून ठेवली आहेत. त्यातच थोडा वेळ काढून हे वाचा, आणि घरातल्या पोरांनाही वाचायला द्या. पुढची निम्मी कामं तीच करून देतील.

गेल्या हंगामात, दिवाळीच्या पुढेमागे, आपल्या एका सभासदाची बोट संध्याकाळी यायची ती आली नाही. साडेसातला तांडेलाचा मालकाला फोन आला. "पंख्यात जाळं अडकलंय..." एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद. परत लावला तर स्विच ऑफ. बोटीवर सहा माणसं आणि सहा फोन. बाकीचे पाच दुपारीच मेले होते. वायरलेस सेट होता, पण त्याचा माईक दुरुस्तीला दिलेला. आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत जेटीवर बसून होतो आणि सोबत त्या सहा घरांतली माणसं. कोण काय बोलणार? सकाळी दुसऱ्या एका बोटीला ती दिसली, दोर लावून ओढत आणली. सगळे सुखरूप. पण ती रात्र ज्यांनी काढली त्यांना विचारा.

नंतर तांडेल आम्हाला म्हणाला, "सेक्रेटरी, फोनमध्ये बावीस टक्के होते. देवाशपथ." आम्हाला तेव्हा खरं वाटलं नाही. आता वाटतं. कारण काय ते खाली येईलच.

आम्ही काही इंजिनियर नाही, बारावीपर्यंत शिकलेलो. पण त्या दिवसानंतर या विषयाच्या मागे लागलो. वाचलं, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या पोराकडे बसलो, बोटीवर फोन ठेवून बघितले. जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी की फोन फक्त ऐकत नाही, तो टॉवरला उत्तरही देतो. शेजारच्या बोटीला हाक मारायला हळू आवाज पुरतो, पण अर्ध्या मैलावरच्या बोटीला घसा फुटेस्तोवर ओरडावं लागतं. फोनचं तसंच आहे. जेटीवर उभे असता टॉवर जवळ असतो, फोन कुजबुजल्यासारखा बोलतो. दहा मैल बाहेर गेलात की तोच फोन पूर्ण ताकदीने ओरडतो. ४जी-५जी फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॅट ताकद बाहेर टाकतो, काही ५जी फोन ठराविक पट्ट्यात त्याच्या दुप्पट. आकडा छोटा वाटतो. पण तेवढं बाहेर टाकण्यासाठी आतल्या भागाला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट खेचावं लागतं, आणि उरलेलं सगळं उष्णता होऊन जातं. बोटीवर फोन खिशात गरम होतो तो उन्हामुळेच असं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे टॉवर दिसतो कुठवर. पृथ्वी गोल आहे हे आपल्याला शिकवायला नको, परत येताना आधी डोंगराचा माथा दिसतो आणि मग किनारा. मोबाइलच्या लहरीही जवळजवळ तशाच सरळ जातात, थोड्याशा वाकतात इतकंच. समुद्रसपाटीपासून ४० मीटर उंच टॉवर आणि बोटीवर दोन मीटरवर हातात फोन, असा हिशोब केला तर जवळपास ३२ किलोमीटर येतात, म्हणजे १७ सागरी मैल. टॉवर डोंगरावर असेल आणि उंची ८० मीटर भरली तर ४२ किलोमीटर, म्हणजे २३ मैलांच्या आसपास. हा झाला कागदावरचा हिशोब. कंपन्या टॉवरच्या अँटेना गावाकडे आणि थोड्या खाली झुकवून लावतात, कारण गिऱ्हाईक गावात आहे, दर्यावर नाही. शिवाय २जीच्या साध्या व्यवस्थेत ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. त्यापलीकडे सिग्नल पोचला तरी बोलणं जुळत नाही, कारण उत्तर पोचायला लागणारा वेळ त्या व्यवस्थेत बसत नाही. आपला पारंपरिक मच्छीमार बारा मैलांच्या आत असतो, म्हणजे २२ किलोमीटर. थोडक्यात, आपण बहुतेक वेळ नेटवर्कच्या काठावर काम करतो. पूर्ण आत नाही, पूर्ण बाहेर नाही. आणि बॅटरीला सगळ्यात वाईट जागा तीच.

आता ५जी. आपल्या देशात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. हा पट्टा वेगवान आहे, पण लहर लांब जाईपर्यंत विरून जाते. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हे खालचे पट्टे हळू, पण लांब जाणारे. जिओने ५जीसाठी ७००चा पट्टाही घेतलेला आहे, म्हणून एकाच बोटीवर एकाच्या फोनवर ५जी दिसतं आणि दुसऱ्याच्या फोनवर ४जीची एक काडी. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या आधारावर उभं असलेलं ५जी घेऊन. त्यात फोनला दोन्हींशी एकाच वेळी जोडलेलं राहावं लागतं. एका हाताने वल्हं आणि दुसऱ्या हाताने जाळं, तसं. कोण चांगलं कोण वाईट हे आम्ही सांगत नाही. काठावर गेलात की दोन्हीकडचा फोन ५जी पकडतो, सोडतो, ४जीवर येतो, परत ५जी शोधतो. बोट हलते तसा सिग्नल हलतो. ही शोधाशोध बॅटरी खाते, तुम्ही फोनला हातही लावलेला नसतो.

५जी म्हणजे बॅटरीचा शत्रू, असं मात्र समजू नका. जेटीवर, बाजारात, घरी सिग्नल भरलेला असेल तर उलट आहे. मोठा व्हिडिओ ५जीवर पटकन उतरतो आणि फोनचा रेडिओ लगेच झोपतो. तेवढ्याच कामासाठी ४जी जास्त वेळ जागा राहतो. म्हणून हवामानाचा नकाशा, पोरांचे व्हिडिओ, सिनेमा, जे काय ते निघण्याआधी जेटीवरच उतरवून घ्या. वेग जिथे फुकट मिळतो तिथे घ्यावा.

तसं हे दुखणं जुनंच. २००७ साली पहिला आयफोन आला त्यात ३जी नव्हतं. त्या काळच्या ३जी चिपा बॅटरी खातात म्हणून कंपनीने ते मुद्दाम टाळलं आणि पुढच्या वर्षी घातलं. ४जी अमेरिकेत २०१० मध्ये फोनवर आलं तेव्हाही पहिल्या फोनांच्या बॅटरीवरून लोक वैतागले होते. दर वेळी चिपा सुधारतात, आणि दर वेळी आपण सुधारणा होण्याआधीचा फोन घेऊन बसलेले असतो!

मग बावीस टक्क्यांचा फोन बंद का पडला? बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली, खूप वेळा भरून-उतरून झाली की तिच्या आतला अडथळा वाढतो. टक्के हा अंदाज असतो. फोन नुसता पडून असेल तेव्हा बावीस टक्के ठीक चालतात. पण तुम्ही दूरवरच्या टॉवरला कॉल लावलात, स्क्रीन पूर्ण उजेडात आहे, रेडिओ एकदम मोठा करंट मागतो. जुन्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात खाली बसतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. जुन्या बोटीच्या बॅटरीवर दिवे छान लागतात, पण स्टार्टर मारला की सगळं मंद होतं, तेच हे. तांडेल खोटं बोलत नव्हता. ज्या क्षणी फोनची गरज सगळ्यात जास्त, त्याच क्षणी जुनी बॅटरी दगा देते. तुमचा फोन तीस टक्क्यांवरून पटकन दहावर येत असेल किंवा मधेच बंद पडत असेल, तर ती बॅटरी आता हंगाम सुरू होण्याआधी बदला. नवा फोन घ्यायची गरज नाही.

ऊन आणि इंजिनाची उष्णता हीच बॅटरीला म्हातारी करते. केबिनच्या काचेपाशी उन्हात ठेवलेला फोन, इंजिनरूममध्ये चार्जिंगला लावलेला फोन, आणि तोही शंभर टक्के भरून तसाच दिवसभर जोडलेला, हे तिन्ही टाळा. सावलीत, वारा लागेल अशा जागी चार्ज करा. चार्जिंगचं तोंड खाऱ्या पाण्याने ओलं असेल तर चार्जर लावूच नका. आधी गोड पाण्याने ओलावलेल्या कापडाने पुसा, तोंड खाली करून झटका, वाऱ्यावर सुकवा. वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या फोनाची चाचणी गोड्या पाण्यात केलेली असते. तांदळाच्या डब्यात फोन घालायचा उपाय सोडून द्या. पीठ आणि कण तोंडात जातात, बाकी फायदा नाही.

आता बोटीवर काय करायचं. आमचं म्हणणं एकच आहे: सहा फोन सहा जणांचे असले तरी बोटीचा म्हणून एक फोन ठरवा. पाणी सुटलं की तो सोडून बाकीचे एअरप्लेन मोडवर. आम्हाला माहीत आहे, खलाशांना हे आवडत नाही. ओडिशा, झारखंडकडची पोरं, घरी बायकामुलं, संध्याकाळी व्हिडिओ कॉल ही त्यांची एकच गंमत. मालकांनी दटावू नये. वेळ ठरवून द्यावी, किनारा जवळ आला की सगळ्यांनी बोलावं. एअरप्लेन मोडमध्येही बहुतेक फोनांत जीपीएस चालतं, कारण जीपीएस फक्त आकाशातून ऐकतं, परत काही पाठवत नाही. नेटवर्क नसेल तर जागा सापडायला पहिल्या वेळी थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. नकाशा आधी उतरवलेला हवा.

बोटीच्या फोनात सेटिंगमध्ये जाऊन सिमच्या पानावर 'पसंतीचं नेटवर्क' शोधा आणि ५जी काढून ४जी करा. परत आल्यावर बदला. 'फक्त २जी' करण्याआधी विचार करा. ज्यांचं सिम जिओचं आहे त्यांनी तर करूच नका, जिओला २जी-३जी नाहीच, फोन मुका होईल. दोन सिम असतील तर ज्याला दर्यावर रेंज येत नाही ते बंद करा, नाहीतर दोन्ही सिम शोध घेत राहतात. हॉटस्पॉट बंद. स्क्रीनचा उजेड उन्हात लागतो तेवढाच. आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप म्यूट करून भागत नाही, आवाज बंद झाला तरी मेसेज येतच राहतो. प्रत्येक सुप्रभातच्या फुलासाठी फोनचा रेडिओ जागा होतो आणि काम झाल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. मोबाइल डेटा बंद ठेवा, कॉल आणि एसएमएस तरीही येतात. (आमच्या स्वतःच्या ग्रुपवरही हेच चालतं, कबूल आहे.)

अडचण आली तर आधी फोन नाही, आधी वायरलेस. चॅनल १६. फोन एकाच माणसाला लागतो. वायरलेसवरची हाक आसपासच्या सगळ्या बोटी, जहाजं आणि तटरक्षक दल ऐकतं. ट्रान्सपाँडर ज्यांना मिळाला आहे त्यांनी तो चालू ठेवा, तो उपग्रहावरून बोलतो, टॉवरशी त्याचा संबंध नाही. मग फोन: तटरक्षक दल १५५४, किनारी पोलीस १०९३, आणि ११२. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ ला फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जायचा प्रयत्न करतो. कॉल लागत नसेल तर एसएमएस करा. कॉलला सलग चांगला सिग्नल लागतो, एसएमएस एका क्षणाच्या सिग्नलवर निघून जातो. त्यात गप्पा नकोत. "१५ अंश ३२ मिनिटं उत्तर, ७३ अंश ३० मिनिटं पूर्व, पंखा अडकला, ६ माणसं, नांगर टाकलाय" एवढं लिहिलं तर शोधणाऱ्याला सगळं मिळालं. त्या रात्री असा एक मेसेज आला असता तर आम्ही नऊ वाजता बोट पाठवली असती.

पॉवर बँक घेताना, दहा हजार एमएएच लिहिलं म्हणजे फोनला दहा हजार मिळत नाहीत. व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जाऊन साधारण सहा हजारांच्या वर थोडं हाती लागतं. पाच हजारांचा फोन एकदा पूर्ण भरेल आणि थोडं उरेल. ती प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा आणि गाणी ऐकायला वापरू नका.

घरच्या माणसांसाठी दोन शब्द. फोन लागला नाही म्हणजे काही झालं असं नाही. वीस वेळा कॉल करू नका, काठावरच्या फोनाला प्रत्येक कॉल महाग पडतो. एक एसएमएस टाका. आणि निघताना तांडेलाकडून वेळ ठरवून घ्या, समजा संध्याकाळी सहा. सहाला मेसेज नाही आला तर आठपर्यंत थांबा, आठनंतर आम्हाला सांगा. रात्री कितीही वाजले असले तरी.

येत्या रविवारी सकाळी दहा ते एक कार्यालयात बसतो आहोत. बोटीचा फोन, चार्जर आणि असेल तर पॉवर बँक घेऊन या. मोबाइल दुरुस्तीवाला पोरगाही येणार आहे, जुन्या बॅटऱ्या तपासून देईल. नेटवर्कचं सेटिंग तिथेच बदलून दाखवू आणि १५५४, १०९३ प्रत्येक फोनात घालून देऊ. वायरलेसचा माईक बिघडला असेल तर तोही आणा. आणि बोटीवर २४ व्होल्टची बॅटरी आहे की १२ची, ते बघून या, कारमधला साधा चार्जर दोन्हीवर चालतोच असं नाही.