पॅनेल बसले, नेट मीटर कधी?

प्रश्न : घरावर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसवून दीड महिना झाला. वीज कार्यालय म्हणते, आधी मंजूर भार २ वरून ३ किलोवॅट करा, मग तांत्रिक तपासणी, मग नेट मीटर. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हाला उगाच फिरवले जात आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली. १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज आता तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवायच मंजूर मानला जातो. लागेल तेवढा भार वीज कंपनीनेच वाढवून घ्यायचा आहे. पॅनेल बसल्याचे प्रमाणपत्र दिल्यापासून १५ दिवसांत करार, मीटर आणि जोडणी पूर्ण झाली पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारतो : ते प्रमाणपत्र खरोखर सादर झाले आहे का? मुदत तिथूनच मोजली जाते. ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर राहू नका, तारखेची पोहोच स्वतःच्या हाती ठेवा.

नेट मीटर बसेपर्यंत यंत्रणा सुरू करू नका. काही मीटर बाहेर गेलेली वीजही तुमचा वापर म्हणूनच मोजतात आणि बिल उलट वाढते.

पोहोच जोडून कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. वर नियम मोडल्याची भरपाईही मागा, ती मागायला लोक संकोचतात. मंचाचा निर्णय पटला नाही, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते.