मुलं शाळेत, मत कुणाचं?

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सान्ता क्लारा काउंटीत मी आमच्या शाळा-जिल्ह्याची ट्रस्टी म्हणून निवडून आले. मानधन महिन्याला काहीशे डॉलर. पण सुपरिंटेंडंट कोण नेमायचा, शिक्षकांशी पगाराचा करार काय करायचा, कुठली शाळा चालू ठेवायची नि कुठली बंद करायची, हे बोर्डावरचे पाच जण ठरवतात. पुढच्या वेळी आपल्यातलं कुणी उभं राहणार असेल, तर त्यांच्यासाठी हे चार शब्द.

१. ओळखीपाळखीवर जाऊ नका, मतदारयादी बघा.

उमेदवाराला काउंटीच्या निवडणूक कार्यालयातून यादी विकत मिळते. हल्ली बऱ्याच जिल्ह्यांत ट्रस्टी विभागवार निवडले जातात, त्यामुळे विभाग पायी फिरण्याएवढा असतो. यादी उघडली आणि माझ्या ओळखीची कितीतरी मराठी घरं तिच्यात नाहीत हे दिसलं. एच-वनवर आलेली, ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेली माणसं. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच येतात, म्हणून भारतीयांची रांग हलता हलत नाही. "ताई, माझी दोन्ही मुलं याच शाळेत आहेत, पण मत कुठून देऊ?" असं एका आईनं दारातच विचारलं. सान फ्रान्सिस्कोत २०१६ साली मतदारांनी कौल दिला आणि नागरिक नसलेल्या पालकांनाही शाळा बोर्डापुरता मताचा हक्क मिळाला. आमच्याकडे तो नाही.

मग यादीत असतं कोण? तीस-चाळीस वर्षं त्याच घरात राहिलेले, ज्यांची मुलं कधीच पांगली असे आजी-आजोबा. निवडणूक त्यांच्या हातात असते.

आणि एक, हे मात्र कायद्याचं: व्हिसावरच्या माणसाकडून प्रचारासाठी एक डॉलरही घ्यायचा नाही. ग्रीन कार्डवाल्यांचा चालतो. व्हिसावाल्यांनी पैसा न घेता आपला वेळ दिला तर चालतो, आणि तो त्यांनी मला भरभरून दिला. पत्रकं त्यांनीच वाटली.

२. म्हाताऱ्यांशी कराबद्दल सरळ बोला.

१९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घरपट्टीसाठी घराची किंमत खरेदीच्या वेळची धरतात आणि ती वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणजे एकाच गल्लीत, सारख्याच घरांत, जुने आजोबा भरतात त्याच्या कितीतरी पट नव्यानं आलेलं जोडपं भरतं. शाळेसाठी दर मिळकतीमागे जादा कर, म्हणजे पार्सल टॅक्स, लावायचा तर दोन तृतीयांश मतं लागतात. त्यात पासष्टीच्या पुढच्यांना बहुधा सूट मागता येते, आणि ती मागता येते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. मी ते सांगायचे. 'चांगल्या शाळांमुळे घराची किंमत वाढते' हा सगळ्या उमेदवारांचा पाठ केलेला मुद्दा आहे. ज्याला घर विकायचंच नाही त्याला त्याचं काय? त्यापेक्षा त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंचं नाव विचारा. ते त्यांना हमखास आठवतं, आणि मग अर्धा तास तरी तुमची सुटका नाही.

३. आपला धंदा तीन शब्दांत बसवायचा.

मतपत्रिकेवर नावाखाली फार तर तीन शब्दांत व्यवसाय लिहिता येतो. खरा, मुख्य, आणि सध्याचा किंवा गेल्या वर्षीचा. 'कम्युनिटी व्हॉलंटियर' लिहायचं तर दुसरा व्यवसाय जोडता येत नाही. माहितीपुस्तिकेतलं निवेदन वेगळं. ते बहुधा दोनशे शब्दांचं असतं, त्यात प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख चालत नाही, आणि छपाईचा खर्च उमेदवाराच्या माथी. मोठ्या जिल्ह्यात तो हजारांत जातो. रस्त्यावरच्या पाट्यांपेक्षा मी हा खर्च आधी करीन.

४. नावांचा क्रम नशिबावर.

वर्णमालेची सोडत काढतात आणि त्या क्रमानं नावं छापतात. आडनाव बदलायची गरज नाही.

५. मंडळाचं स्टेज मागू नका.

आपली बहुतेक मंडळं आणि मंदिरं ५०१(सी)(३) खाली करमुक्त असतात. त्यांनी उमेदवाराचा प्रचार केला तर त्यांचीच सवलत धोक्यात. अध्यक्ष नाही म्हणाले तर रुसू नका. तुम्ही आरतीला जा, ढोल वाजवा, मोदक खा. पत्रकं घरी ठेवा. माझ्या निवडणुकीच्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि नवरात्र ३ ऑक्टोबरला. मतपत्रिका निवडणुकीच्या एकोणतीस दिवस आधी टपालात पडायला लागतात, म्हणजे ऐन गरब्याच्या दिवसांत. इथे सगळ्या नोंदणीकृत मतदारांना ती घरपोच येते. तेव्हा 'दिवाळीनंतर जोर लावू' म्हणणाऱ्याचा जोर वायाच जातो.

६. डिसेंबरच्या भारतवारीचा हिशेब मांडा.

आपल्या लोकांना ही गोष्ट सगळ्यात जास्त झोंबली. कॅलिफोर्निया पटावर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर पैसे देतं. लग्नासाठी मूल तीन आठवडे पुण्याला गेलं की जिल्ह्याचं तेवढं अनुदान गेलं. (स्थानिक घरपट्टीवरच चालणारे श्रीमंत जिल्हे याला अपवाद.) जायच्या आधी शाळेशी इंडिपेंडंट स्टडीचा करार केला आणि अभ्यास पुरा केला, तर ती हजेरी धरता येते. "म्हणजे लग्नाला जायचंच नाही का?" एका काकूंनी विचारलं. जा की, पण फॉर्म भरून जा. आधीच घरांच्या किमतींनी तरुण कुटुंबं बाहेर ढकलली आहेत, पट घसरतोय. शेजारच्या कुपर्टिनो युनियन जिल्ह्यानं २०२१ मध्ये रेगनार्ट आणि मेयरहोल्झ या शाळा बंद करायचं ठरवलं तेही पट घसरल्यामुळेच.

७. निकालाच्या रात्री पेढे वाटू नका.

त्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली पाकिटं पुढे आठवडाभर येत राहतात आणि मोजली जातात. आघाडी रोज वर-खाली होते. नोकरीला जा, स्वयंपाक करा.

८. निवडून आलात की ग्रुपवर गप्प बसा.

१९५३ चा ब्राउन अॅक्ट, म्हणजे उघड बैठकांचा कायदा, शपथेच्याही आधीपासून लागू होतो. पाचातल्या तिघांनी बैठकीबाहेर बोर्डाच्या कामाबद्दल बोलायचं नाही. मी एकाला आणि त्यानं दुसऱ्याला सांगितलं तरी तो भंगच. सहकाऱ्यानं बोर्डाच्या विषयावर फेसबुकवर काही टाकलं तर त्याला अंगठासुद्धा दाखवायचा नाही. मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज विचारणा होते, "ताई, आठवीच्या अल्जिब्राचं काय ठरणार?" नेहमीच्या बैठकीचा अजेंडा बहात्तर तास आधी जाहीर झालेला असतो. मी त्याची लिंक टाकते आणि लिहिते: या आणि माइकवर बोला. त्यासाठी मतदार असावं लागत नाही. गणिताचा विषय निघाला त्या रात्री व्हिसावरचे आई-बाप ऑफिसातून थेट येऊन रांगेत उभे होते, आणि अध्यक्षांना प्रत्येकाची वेळ कमी करून द्यावी लागली.