दंतवैद्याच्याच दाढेत कीड

परवा मेहकरहून आलेल्या एका मावशींनी विचारले, "डॉक्टर, तुमचे दात काही किडत नसतील!" मला हसू आले. वाचकहो, नागपूरला दंतवैद्यक शिकत असताना पहिल्याच वर्षी माझ्या दाढेत कीड निघाली होती. सकाळी ब्रश नेमाने व्हायचा. पण रात्रीचा अभ्यास चहावर चाले आणि तसेच झोपायचे.

हिरोशिमा विद्यापीठाचे डॉ. कावामुरा यांनी अशा सवयी तपासण्यासाठी २० प्रश्न तयार केले. अनेक देशांतील दंतविद्यार्थ्यांना ते विचारले गेले, तेव्हा रुग्ण तपासू लागलेल्या वरच्या वर्गांच्या सवयी नवख्यांपेक्षा बहुधा चांगल्या आढळल्या. दुसऱ्याची कीड पाहिली की आपला ब्रश सुधारतो म्हणायचा!

कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दाताचे कवच झिजवते. प्रत्येक गोड चहानंतर हे आम्ल निवळायला लाळेला सुमारे अर्धा तास तरी लागतो. झोपेत तर लाळच कमी सुटते. म्हणून साखर किती, याइतकेच ती दिवसातून किती वेळा, हेही पाहावे लागते.

मावशींचे सहा चहा दोनवर आणायचे ठरले. रात्री फ्लोराईडच्या पेस्टने ब्रश आणि नंतर फक्त पाणी. जाता जाता त्यांनी हळूच विचारले, "आणि मिश्री?"

त्याविषयी पुढील आठवड्यात.