‘१० पेक्षा कमी’ म्हणजे किती : सौंदर्यप्रसाधनांच्या जंतुचाचणीविषयी

सौंदर्यप्रसाधने निर्जंतुक नसतात, आणि ती तशी असावीत अशी कायद्याची अपेक्षाही नाही. इंजेक्शनच्या कुपीत एकही जिवंत जंतू चालत नाही. फेसवॉश, क्रीम, काजळ, शाम्पू यांत थोडे चालतात, पण काही जाती मुळीच चालत नाहीत. आयएसओ १७५१६ या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने ही मर्यादा ठरवून दिली आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या, डोळ्यांभोवती लावायच्या किंवा श्लेष्मल त्वचेशी संबंध येणाऱ्या मालात एका ग्रॅममागे १०० पर्यंत जंतू चालतात, इतर मालात १,००० पर्यंत. ई. कोलाय, स्युडोमोनास एरुजिनोसा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स हे चार मात्र तपासलेल्या ग्रॅमभर मालात आढळता कामा नयेत. भारतीय मानकांत तपासणीची पद्धत आयएस १४६४८ मध्ये दिली आहे, आणि त्वचेच्या क्रीमसाठीचे आयएस ६६०८ हे मानक एकूण जंतूंना १,००० चीच मर्यादा घालते.

त्वचा स्वच्छ करण्यासाठी किंवा रूप खुलवण्यासाठी म्हणून एखादी वस्तू विकली, की १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने ती सौंदर्यप्रसाधन ठरते. ती महापे-तुर्भ्याच्या कारखान्यात तयार झाली की घरच्या ओट्यावर, याने फरक पडत नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू असून महाराष्ट्रात उत्पादनाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते. दिवाळीच्या प्रदर्शनात उटणे आणि कोरफडीचे जेल मांडणाऱ्या अनेक बचत गटांना हे ठाऊकच नसते. ज्यांना असते त्यांचा समज असा, की प्रयोगशाळेचा एक कागद हाती आला म्हणजे काम झाले.

जंतू वाढतो तो पाण्यावर. मालात एकूण पाणी किती यापेक्षा जंतूला वापरता येईल असे मोकळे पाणी किती, हे महत्त्वाचे. त्याला जलक्रियाशीलता म्हणतात. खारवून कडक वाळवलेला बोंबील वर्षभर टिकतो आणि आषाढात दमट झाला की आठवड्यात बुरसतो, त्यामागचे कारण हेच. आयएसओ २९६२१ हे मानक कमी जोखमीचा माल ओळखण्याच्या खुणा देते. जलक्रियाशीलता ०.७५ किंवा त्याहून कमी, अल्कोहोल २० टक्क्यांहून जास्त, अथवा सामू ३ पर्यंत किंवा १० च्या पुढे, अशा मालात जंतूंना थारा मिळत नाही. म्हणून निव्वळ खोबरेल तेलाची चिंता थोडी आणि गुलाबपाण्याची फार.

उटणे या दोहोंच्या मधले. भुकटी कोरडी असते, त्यामुळे तिच्यात जंतू वाढत नाहीत. पण ते मरतही नाहीत. नागरमोथा, वाळा, कपूर कचरी, आंबेहळद, मुलतानी माती यांतले बहुतेक जमिनीतूनच निघते आणि मातीतले बीजाणू सोबत घेऊन येते. हे बीजाणू कोरडेपणात वर्षानुवर्षे तग धरतात. न्यूझीलंडमध्ये नवजात अर्भकांच्या नाळेवर लावलेल्या टाल्कमधून धनुर्वाताचे बीजाणू गेले आणि काही अर्भके दगावली. १९४६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हापासून खनिज किंवा वनस्पतिजन्य भुकटी कोरडी म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस संपले. उटण्याच्या बाबतीत कच्चा माल खरेदीच्या वेळीच तपासणे स्वस्त पडते, कारण दळून, मिसळून, पुड्या बांधून झाल्यावर दोष कोणत्या मुळीचा हे सांगता येत नाही. ओला चमचा डब्यात घालू नये, ही सूचना पुडीवर ठळक छापावी.

खरा घोळ होतो तो पाणी असलेल्या मालात. बेलापूरच्या खाडीलगत दिवाळे हे कोळ्यांचे गाव. तिथल्या एका बचत गटाला चाचण्यांच्या कामी मदत करताना प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात आलेला प्रकार या विषयातल्या जवळजवळ सगळ्या खाचखळग्यांना स्पर्श करतो, म्हणून तो इथे सविस्तर दिला आहे. गटाने कोरफडीचे जेल तयार केले आणि नमुना एका खासगी प्रयोगशाळेत दिला. अहवालात एकूण जंतुसंख्येपुढे ‘१० पेक्षा कमी’ असे लिहून आले. सगळे खूश झाले, माल बाटल्यांत भरला गेला. गणपतीच्या सुमारास काही बाटल्यांतले जेल पातळ झाले, त्याला हिरवट झाक आली आणि वास येऊ लागला. राखून ठेवलेल्या बाटल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दिल्या, तेव्हा मर्यादेच्या कितीतरी वर जंतू निघाले आणि त्यांत स्युडोमोनास एरुजिनोसा होता.

पहिल्या अहवालातला आकडा समजून घ्यायचा तर चाचणी कशी होते ते पाहावे लागते. एक ग्रॅम माल नऊ मिलिलिटर द्रवात मिसळतात. त्यातला एक मिलिलिटर पेट्री प्लेटमध्ये घेऊन त्यावर सोयाबीन केसीन डायजेस्ट अगार हे पोषक माध्यम ओततात. ३० ते ३५ अंश सेल्सियसला प्लेट साधारण तीन दिवस ठेवली, की प्रत्येक जिवंत जंतूच्या जागी डोळ्यांना दिसेल असा ठिपका, म्हणजे कॉलनी तयार होते. यीस्ट आणि बुरशीसाठी सॅबोरो अगार वापरतात आणि प्लेट २५ अंशांच्या आसपास तीन ते पाच दिवस ठेवतात. माल दहापट पातळ केलेला असल्याने एक कॉलनी म्हणजे ग्रॅममागे १० जंतू. प्लेट कोरी राहिली तर प्रयोगशाळा ‘शून्य’ लिहू शकत नाही. तिला ‘१० पेक्षा कमी’ एवढेच म्हणता येते. या पद्धतीला त्याच्या खालचे दिसत नाही.

प्लेट कोरी राहण्याला मात्र दोन कारणे असू शकतात. एक, मालात जंतू नाहीत. दुसरे, जंतू आहेत, पण मालातले प्रिझर्व्हेटिव्ह त्यांच्यासोबत प्लेटवर उतरले आणि तिथेही त्यांना वाढू देत नाही. जेलमध्ये १ टक्का फिनॉक्सीइथेनॉल असेल, तर दहापट पातळ केल्यावरही ०.१ टक्का उरते. अर्धमेल्या जंतूला दाबून ठेवायला कधीकधी तेवढे पुरते. त्यावर उपाय म्हणून द्रवात लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० यांसारखे न्यूट्रलायझर घालतात. ते प्रिझर्व्हेटिव्हला निष्प्रभ करतात. तेही नुसते घालून भागत नाही. मोजून १०० च्या आत जंतू त्याच मिश्रणात सोडून किमान निम्मे परत मिळतात का, हे त्या विशिष्ट मालासाठी एकदा सिद्ध करावे लागते. कोरफडीसाठी सिद्ध केलेली पद्धत हळदीच्या क्रीमला आपोआप लागू होत नाही. दिवाळ्याच्या पहिल्या अहवालात न्यूट्रलायझरचा उल्लेखच नव्हता. शिवाय चाचणी फक्त एकूण संख्येची मागितली होती. ठरावीक रोगजंतूंचा शोध वेगळा असतो: त्यात ग्रॅमभर माल आधी पोषक द्रवात रात्रभर ठेवून मोजक्या जंतूंना वाढायला वाव देतात आणि मग निवडक माध्यमावर रेघ ओढतात. सेट्रिमाइड अगारवर स्युडोमोनास हिरवे रंगद्रव्य सोडतो, मॅनिटॉल सॉल्ट अगारवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसभोवती पिवळे वलय उमटते, मॅकॉन्की अगारवर ई. कोलाय गुलाबी दिसतो. एकूण संख्येच्या प्लेटवर एखाद-दुसरा रोगजंतू सहज नजरेआड होतो. पैसे वाचवण्यासाठी याच चाचण्या आधी गाळल्या जातात, हे दुर्दैव.

स्युडोमोनास आला कुठून, हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. नवी मुंबई महापालिकेचे पाणी मोरबे धरणातून येते आणि त्यात क्लोरीन असते. घरगुती आरओ यंत्रातला कार्बन हे क्लोरीन काढून टाकतो. गाळलेले पाणी पुढे ड्रममध्ये दिवसचे दिवस साठून राहिले, तर त्याला कसलेच संरक्षण उरत नाही. स्युडोमोनास, तसेच बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातले जंतू जवळजवळ काहीही न खाता शुद्ध पाण्यात वाढतात आणि नळ्यांच्या आत चिकट थर धरतात. म्हणजे ‘आरओचे आहे’ असे सांगून ज्या पाण्यावर विश्वास टाकला जातो, तेच कधीकधी नळाच्या पाण्यापेक्षा वाईट असते. बर्कहोल्डेरिया तर काही प्रिझर्व्हेटिव्हनाही दाद देत नाही; त्याच्यासाठी अमेरिकी औषधकोशाला स्वतंत्र चाचणी जोडावी लागली. छोट्या उत्पादकाने पाणी त्याच दिवशी उकळून, झाकून, गार होताच वापरावे, ड्रम-नळ्या नियमाने धुऊन कोरड्या कराव्यात आणि पाण्याचीही वेगळी जंतुचाचणी करून घ्यावी. ती आर२ए अगारवर मागावी, कारण पाण्यातले उपाशी जंतू सकस माध्यमावर नीट उगवत नाहीत.

तयार बॅच आज स्वच्छ आहे, हे कळले तरी ती उद्या स्वच्छ राहील का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. ग्राहक ओले बोट बरणीत घालणार, न्हाणीघरात झाकण उघडे ठेवणार. त्यासाठी प्रिझर्व्हेटिव्हच्या परिणामकारकतेची चाचणी असते. बोलीत तिला चॅलेंज टेस्ट म्हणतात. आयएसओ ११९३० नुसार मालात मुद्दाम ग्रॅममागे एक ते दहा लाख जिवाणू सोडतात, यीस्ट आणि बुरशी त्याच्या दहाव्या हिश्शाने, आणि ७, १४ व २८ व्या दिवशी किती उरले ते मोजतात. वरच्या श्रेणीत बसायचे तर सात दिवसांत जिवाणू हजारपटीने घटले पाहिजेत आणि पुढे वाढता कामा नयेत. यासाठीचे प्रमाणित जंतू जतन करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतच आहे. ही चाचणी प्रत्येक बॅचला लागत नाही. घटक, प्रमाण किंवा बाटली बदलली की मात्र पुन्हा करावी लागते. खर्चाचा एकच बोजा पेलायचा असेल, तर तो याच चाचणीचा पेलावा.

दिवाळ्याच्या जेलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह होते, पण ‘नैसर्गिक’ म्हणवण्यासाठी त्याचे प्रमाण कमी केले होते आणि भर म्हणून व्हिटॅमिन ई घातले होते. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही. जंतूंचे ते काहीही बिघडवत नाही. हा गैरसमज घरगुती उत्पादकांत इतका पसरला आहे, की तो कोणी पसरवला हे शोधण्यात अर्थ नाही. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम बेंझोएट वापरणाऱ्यांनी सामू पाहावा. ते आम्लधर्मी मालातच काम करते. सामू पाचाच्या बराच वर गेला, की ते असून नसल्यासारखे. फिनॉक्सीइथेनॉलला युरोपीय संघाच्या नियमात १ टक्क्याची कमाल मर्यादा आहे, म्हणजे जास्त घालून निश्चिंत होण्याची सोयही नाही.

प्रयोगशाळा निवडताना भिंतीवरचे एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचे, प्रमाणपत्र पुरेसे नसते. मान्यता चाचणीगणिक मिळते, त्यामुळे हवी ती चाचणी मान्यतेच्या यादीत आहे का ते पाहावे. कोणत्या मानकाने तपासणार, न्यूट्रलायझर कोणता आणि तो या मालासाठी सिद्ध केला आहे का, हे नमुना देण्याआधी लेखी विचारावे. चांगल्या प्रयोगशाळेला हे प्रश्न आवडतात. नमुनाही निवडक सुंदर बाटलीचा नसावा. भरणीच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा सीलबंद बाटल्या द्याव्यात. पहिल्या बाटलीत यंत्रातले शिळे पाणी उतरलेले असते आणि शेवटच्या बाटलीत पातेल्याच्या तळाचा माल.

नापास झालेल्या बॅचचे काय करायचे, इथे मोह सर्वांत मोठा असतो. पुन्हा गरम करावे, प्रिझर्व्हेटिव्ह वाढवावे, नव्या बॅचमध्ये थोडे थोडे मिसळून संपवावे, असे सल्ले फुकट मिळतात. जंतू मेले तरी त्यांची विषे आणि त्यांनी केलेली नासाडी मालात राहते, आणि जगलेले जंतू अधिक चिवट असतात. जंतू मारण्याचा उपायही स्वतंत्र धोका आणू शकतो. मुलुंडच्या कारखान्यात २००७ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरच्या १५ बॅचवर नेहमीच्या पद्धतीऐवजी इथिलीन ऑक्साइड वायूची प्रक्रिया झाली होती. हा वायू जंतुनाशक तसाच कर्करोगकारकही. मालात तो उरला आहे का, याची तपासणी केली नाही, असा ठपका ठेवून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१३ मध्ये कारखान्याचा सौंदर्यप्रसाधनांचा परवाना रद्द करण्याचा आदेश दिला. नापास बॅच नष्ट करावी आणि ती कशी, कधी, किती नष्ट केली याची नोंद ठेवावी.

नोंदी आणि राखीव नमुने यांचे मोल वाद झाल्यावर कळते. त्याच कारखान्याच्या पावडरचा डिसेंबर २०१८ मध्ये घेतलेला नमुना सामूच्या मर्यादेत बसला नाही म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने पुन्हा परवाना रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कारवाईतल्या विलंबावर ताशेरे ओढून प्रशासनाचे आदेश रद्द ठरवले. जंतुचाचणीत तर उशिराने आणखी बिघडते, कारण थांबलेल्या नमुन्यात जंतू वाढतात किंवा मरतात. म्हणून नमुना घेतल्याची आणि तपासणी सुरू झाल्याची तारीख अहवालात स्वतंत्रपणे नोंदवलेली असावी. प्रत्येक बॅचच्या काही सीलबंद बाटल्या मुदत संपेपर्यंत थंड, कोरड्या जागी ठेवाव्यात. बॅच क्रमांक बाटलीवर आणि विक्रीच्या वहीत दोन्हीकडे लिहावा, म्हणजे एक बाटली बिघडली तर तिच्या सोबतच्या बाटल्या कोणाकडे गेल्या ते काढून परत मागवता येतात.