बास गिटारला कोणत्या तारा लावाव्यात?
(द्वितीय वर्ष कला)

वाद्यवृंदात बास गिटारकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पण ती थांबली की गाणे पोकळ वाटू लागते. तिचा आवाज बराचसा तारांवर अवलंबून असतो.

तारेच्या पोलादी गाभ्यावर गोल तार गुंडाळली की ती 'राउंडवाउंड' आणि चपटी पट्टी गुंडाळली की 'फ्लॅटवाउंड'. पहिलीचा नाद लखलखीत व लांबणारा, पण बोट सरकताना करकर ऐकू येते. दुसरी गुळगुळीत असून तिचा नाद गोल, भरीव व लवकर विरणारा असतो. शिवाय पडदे नसलेल्या बासची पट्टी तिने कमी झिजते.

अमेरिकेत डेट्रॉइट येथे मोटाउन कंपनीच्या गाण्यांना जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) साथ करीत. त्यांच्या फेंडर बासवर ला बेलाच्या ०.०५२ ते ०.११० इंच जाडीच्या फ्लॅटवाउंड तारा असत आणि ते त्या क्वचितच बदलत.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. वाद्यासाठी वेगळे पैसे नसतात. म्हणून मला हा मुद्दा मोठा वाटतो. राउंडवाउंडचा तजेला घामाने लवकर जातो, तर फ्लॅटवाउंड महाग असली तरी वर्षानुवर्षे टिकते. अंगठ्याने ठोकून वाजवणाऱ्यांनी मात्र राउंडवाउंडच घ्यावी. फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा अधिक असतो. तेव्हा नवशिक्याने जेमरसन यांची जाडी न धरता ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा संच निवडावा आणि तारा चढवल्यावर गिटारची मान वाकली नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.