जुन्या व्हॅनची टाकी आणि ॲव्हरेज



मारुती व्हॅन आपल्या देशात १९८४ साली आली. पुढे तिला ओमनी म्हणू लागले. २०१९ साली कंपनीने ती बनवणे बंद केले, पण आमच्या काटोलच्या रस्त्यावर ती अजून दिसते. कोणी तिच्यात संत्र्याचे क्रेट नेतो, कोणी पोरं नेतो. माझ्या काकांची व्हॅन अशीच जुनी आहे. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. ते पुढच्या सीटखाली असते, म्हणून मे महिन्यात पुढे बसले की खालून पोळते!

तिच्या टाकीत सुमारे ३५ लिटर पेट्रोल मावते. टाकी मोठी म्हणजे गाडी चांगली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १ लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर चालते, त्याला ॲव्हरेज म्हणतात. काका म्हणतात, "रांजण केवढा हाय थे नको पाहू बापू, घरात पाणी किती लागते थे पाय."

ॲव्हरेज काढायची रीत सोपी आहे. पंपावर टाकी फुल करायची. नळी आपोआप बंद झाली की थांबायचे आणि मीटरचा आकडा वहीत लिहायचा. गाडी चालवायची. मग त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. आता जितके लिटर बसले, तितकेच जळले. आम्ही नागपूरच्या कळमना बाजाराच्या दोन फेऱ्या मोजल्या. किलोमीटर २८०, पेट्रोल २० लिटर. २८० भागिले २० म्हणजे १४. काट्याकडे पाहून हा हिशेब होत नाही, कारण जुन्या गाडीचा काटा चढावर एक सांगतो, उतारावर दुसरेच.

मग ३५ गुणिले १४, म्हणजे ४९० किलोमीटर? गणितात होय. पण काका शेवटचे ५ लिटर मोजतच नाहीत, तळाशी गाळ असतो. उरले ३० लिटर, म्हणजे ४२० किलोमीटर. नागपूर ते अमरावती सुमारे १५० किलोमीटर आहे, तेव्हा जाऊन-येऊनही पेट्रोल उरते.

उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरू नये. पंपाचे पेट्रोल जमिनीखाली थंड असते. ते २० अंशांनी तापले तर ३५ लिटर पेट्रोल अर्ध्या लिटरहून जास्त फुगते. त्याला जागा पाहिजे ना!

गावच्या रस्त्यावर मात्र ॲव्हरेज १२ च आले. खड्डा आला की पहिला गिअर, गुरे आडवी आली की थांबा, आणि उभ्या गाडीचे इंजिनही पेट्रोल पितेच. टायरमध्ये हवा कमी असली तर आणखी कमी येते.

आता खरी गोष्ट. आपली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला काटोलला जायचे, ते ९ किलोमीटर. आपल्या वर्गातून आम्ही ६ जण आहोत. दोघींच्या घरी अजून ठरले नाही. भाडे किती पडेल, असे त्यांची आई विचारते. म्हणून मी हिशेब केला. पेट्रोल सोपे जावे म्हणून १०० रुपये लिटर धरले.

सोडून रिकामे परत यायचे आणि संध्याकाळी पुन्हा न्यायला जायचे, तर रोज ३६ किलोमीटर, ३ लिटर, ३०० रुपये. महिन्याचे २४ दिवस धरले तर ७२०० रुपये. प्रत्येकाचे १२०० झाले. काका दिवसभर काटोललाच माल वाहायला थांबले तर १८ किलोमीटर, दीड लिटर. मग प्रत्येकी ६००. म्हणजे अर्धे पैसे नुसत्या रिकाम्या व्हॅनचे होते! काकांनी काटोलच्या दोन दुकानदारांना कामाचे विचारले आहे.

यात टायर, दुरुस्ती आणि काकांची मजुरी धरलेली नाही. तो आकडा काका सांगतील तेव्हा मी पेन्सिलीने लिहीन. त्यासाठी खाली जागा सोडली आहे.