'पे' आणि 'पगार'

इंग्रजीतील 'पे' हा शब्द आपल्या 'पगार' या शब्दाचा चुलतभाऊ आहे, हे नांदेडला शिकायला येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी सांगितले आणि मी कोश उघडून बसलो.

दोघांचा पूर्वज लॅटिन आहे. 'पाक्स' म्हणजे शांतता. (इंग्रजी 'पीस' याच शब्दापासून आला.) त्यावरून 'पाकारे' हे क्रियापद झाले, अर्थ, शांत करणे. पुढे, ज्याचे येणे बाकी आहे त्याचे समाधान करणे, म्हणजेच देणे चुकते करणे, असा त्याचा अर्थ झाला. फ्रेंचमध्ये त्यातला 'क' झिजून गेला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्यामागून जे अनेक फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले, त्यांतलाच 'पे'. पोर्तुगीजमध्ये त्याच 'क'चा 'ग' होऊन 'पगार' हे क्रियापद झाले. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला; त्यांच्या सहवासातून ते मराठीत नाम बनून आले.

अक्षरांची ही झीज नियमाने होते. लॅटिन 'आमिकुस' म्हणजे मित्र. त्याचे पोर्तुगीजमध्ये 'आमिगो', तर फ्रेंचमध्ये 'आमी' झाले. आपल्याकडेही 'राजकुल'चे 'राऊळ' झालेच ना!

पण 'शांत करणे' दोन प्रकारचे असते. जिंकून दबवलेल्या मुलखालाही रोमन लोक हेच क्रियापद लावीत. सीझरने गॉल प्रांताविषयी ते वापरले आहे.

हे वाचताना वडील आठवले. लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी ते सालगडी होते. साल पाडव्याला ठरे, पाडव्याला संपे. त्या पैशाला घरात कुणी पगार म्हणत नसे. पगार मास्तरांना, तलाठ्याला. एका पाडव्याला मालकाने निम्मेच पैसे हातावर ठेवले आणि 'आता गप ऱ्हा' म्हणून सांगितले. वडील गप्प राहिले. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना ही शब्दाची हकीकत सांगितली. पगार म्हणजे मुळात घेणाऱ्याच्या जिवाला शांतता, असे म्हणालो. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग त्या साली मला पगार भेटलाच न्हवता म्हण की."